पूर्ण रंग न मारता जुनी गाडी बघण्यासारखी करताना

आमची फियाट ११०० चालायला अजून खणखणीत आहे, इंजिन पहिल्या स्टार्टला लागतं, ब्रेक जागच्या जागी, पण दिसायला मात्र पार रया गेली होती. मूळचा गडद निळा रंग, पण टपावर आणि बोनेटवर हात फिरवला की बोटाला पांढुरकी निळसर भुकटी लागायची, बंपरवर तपकिरी ठिपके, स्टीअरिंगला भेगा, आणि मागच्या अक्षरांतला रंग तर कधीच उडालेला. जो तो गाडी बघून एकच सांगायचा, "अहो, एकदाच सगळी खरवडून मस्त रंग मारून घ्या ना, कटकट मिटेल."

मिटत नाही हो कटकट. पूर्ण रंग म्हणजे सगळ्या काचा, रबरं, पट्ट्या, हँडलं उतरवायची, आणि इतकी जुनी रबरं उतरवताना तुटणारच, क्लिपा मोडणारच. मग नवा रंग चकचकीत झाला की शेजारचं क्रोम (बंपर, हँडलांवरचा चकचकीत मुलामा) जुनाट वाटायला लागतं, ते प्लेटिंगला गेलं की सीटं डोळ्यात खुपतात, आणि बघता बघता गाडी महिनोन्‌महिने सुटी पडून राहते. शिवाय कंपनीतून आलेला रंग एकदा खरवडला की गेला तो गेलाच. जुन्या गाड्यांची जी आंतरराष्ट्रीय संघटना आहे, फिवा, तिने २०१२ साली ट्युरिन चार्टर म्हणून एक जाहीरनामा केला, त्यातही भर आहे तो जपण्यावर, म्हणजे जे मूळचं आहे ते शक्य तितकं टिकवा आणि कमीत कमी हात घाला. मला ते पटतं. त्यामुळे ठरवलं की फक्त अशीच कामं करायची जी सुट्टीच्या दिवशी घरच्या घरी होतील, ज्यात स्प्रे गन लागणार नाही आणि जी मध्येच थांबवली तरी गाडी रस्त्यावर चालवता येईल.

तर आता महत्त्वाचं. पॉलिश, कंपाउंड (पॉलिशपेक्षा खरखरीत घासायची पेस्ट), पॉलिश पेपर वगैरे काहीही विकत आणायच्या आधी मी एक लोहचुंबक आणि एक पांढरं सुती फडकं घेतलं, आणि पूर्ण गाडीभर फिरलो. हे लोक करतच नाहीत, सरळ बफिंग मशीन लावतात. हाताखाली नेमकं काय आहे हे कळल्याशिवाय कशाने घासायचं हे ठरणार कसं?

फडक्यावर थोडंसं पॉलिश घेऊन डिकीच्या आतल्या कडेला, जिथे कोणी बघणार नाही अशा जागी घासलं. फडकं निळं झालं. म्हणजे रंग सिंगल स्टेज, वरती क्लिअर कोट नाही. क्लिअर कोटवाल्या गाडीला घासलं तर फडक्यावर रंग येत नाही कारण वरचा थर पारदर्शक असतो, आणि ती पद्धत सरसकट यायला १९८०चं दशक उजाडलं. सिंगल स्टेजमध्ये रंगद्रव्य थेट उन्हाला तोंड देत असतं, म्हणून वरचा पापुद्रा मरतो, भुकटी होते. पण त्यातलीच चांगली गोष्ट अशी की तो मेलेला पापुद्रा काढला की खाली जिवंत रंग असतो. क्लिअर कोटचं तसं नाही, तो एकदा सोलायला लागला की पॉलिशने काही होत नाही.

दुसरी चाचणी थिनरची. कानातल्या काडीच्या कापसाला थिनर लावून तिथेच आत टेकवलं. लॅकर, म्हणजे नुसतं थिनर उडून वाळणारा रंग, असेल तर लगेच विरघळून कापसावर येतो, पण एनॅमल हळूहळू मुरून कडक होतो, तो सहसा दाद देत नाही. माझा एनॅमल निघाला. (लॅकरवरून आठवलं, जुने पेंटर ज्याला ड्युको म्हणतात तो मुळात ड्युपाँट कंपनीचा नायट्रोसेल्युलोज लॅकर, १९२३ मध्ये जनरल मोटर्सच्या ओकलंड गाड्यांवर पहिल्यांदा आला. त्याआधी गाडीचा रंग वाळून पुरा व्हायलाच आठवडे लागायचे, म्हणजे रंग वाळायची वाट बघत गाड्यांच्या रांगा उभ्या. ते वाचल्यापासून मी एनॅमल वाळायला वेळ लागतो म्हणून कुरकुर करणं बंद केलंय.)

लोहचुंबक मऊ कापडात गुंडाळून पत्र्यावरून फिरवला. दारं, बोनेट, टप, सगळीकडे टपकन चिकटत होता आणि डावीकडच्या मागच्या मडगार्डच्या खालच्या भागात मात्र सुटून पडला. म्हणजे तिथे कोणीतरी पूर्वी पुट्टी भरलीय, आणि चांगली जाड भरलीय. ती जागा खडूने खूण करून ठेवली, तिथे फक्त हाताने हलकं काम, मशीन नाही. रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र मिळतं ते असेल तर उत्तमच, कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतो, पुट्टीवर हाच आकडा कितीतरी पट दाखवतो. आणि १०० मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग, एवढ्याशा जाडीत प्रायमर पण आला, रंग पण आला, आणि आधीच्या लोकांनी पॉलिश करून उडवलेलं तर केव्हाच गेलं. एवढं डोक्यात बसलं की हात आपोआप हलका पडतो.

हाच चुंबक क्रोमच्या भागांना पण लावला. बंपरला चिकटला, म्हणजे लोखंडावर क्रोम. दाराच्या हँडलला नाही, ती जस्ताच्या ओतकामाची. बाजूच्या एका पट्टीला पण नाही, आणि ती वजनाला हलकी होती, म्हणजे अल्युमिनियम. लांबून बघितलं तर तिन्ही चकचकीत, तिन्ही सारखीच, पण तिघांना औषध वेगळं.

आता रंगाचं काम. आधी सावलीत, पत्रा थंड असताना, दोन बादल्या घेऊन धुणं, एक साबणाची एक फडकं खळबळायची, नाहीतर तीच माती परत रंगावर घासली जाते. मग लगेच कंपाउंड नाही लावलं. सिंगल स्टेज रंग कोरडा ठणठणीत झालेला असतो, तसाच घासला तर नको तेवढा निघून येतो. त्यासाठी तेलकट ग्लेझ मिळतं, मेग्वायर्सचं नंबर ७ हे त्यातलं जुनं नावाजलेलं, ते टर्किशच्या जाड फडक्याने भरपूर चोळून लावलं आणि रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी पुसलं तर फडकं निळंशार आणि बोनेट निम्मं तर तिथेच जागं झालं होतं. परत लावलं, परत पुसलं. त्यानंतर बारीक पॉलिश, मऊ फोमच्या पॅडने, एका वेळी साधारण हातभर जागा. मशीन वापरलं ते ड्युअल अॅक्शन, म्हणजे पॅड फिरता फिरता डोलणारं, एकाच जागी गोल फिरणारं रोटरी नाही, कारण रोटरीने एका जागी उष्णता पटकन वाढते आणि कडेचा रंग क्षणात उडतो.

कडा ही सगळ्यात नाजूक गोष्ट. बोनेटच्या मधली उभी घडी, दारांच्या कडा, मडगार्डचा काठ, इथे रंग मुळातच पातळ बसलेला असतो. त्या सगळ्यांवर मशीन लावायच्या आधी मास्किंग टेप मारली आणि टेप काढल्यावर ती जागा फक्त बोटाने पॉलिश केली. टेप काढताना पण सरळ वर ओढायची नाही, तिरकी, स्वतःवरच दुमडून, सावकाश. बोनेटच्या घडीवर एके ठिकाणी प्रायमरचा करडा रंग आधीपासूनच डोकावत होता, पूर्वीच्या कोणाची तरी कृपा. तो तसाच ठेवलाय. लांबून दिसत नाही आणि जवळून बघणाऱ्याला गाडीचं वय माहीतच असतं.

शेवटी वॅक्स, पातळ हात. इथे एक सांगतो, सिलिकॉनवाले स्प्रे, ते टायर चमकवायचे वगैरे, टच-अपचं, म्हणजे उडालेले टवके रंगाने भरायचं, सगळं काम संपेपर्यंत गाडीच्या आसपास पण आणायचे नाहीत. सिलिकॉनचा अंश पत्र्यावर राहिला की त्यावर लावलेला रंग बसत नाही, माशाच्या डोळ्यासारखे गोल गोल खड्डे पडतात आणि मग ते कितीही रंग लावा बुजत नाहीत.

खडे लागून उडालेले टवके समोरच्या पत्र्यावर बरेच होते. टच-अपचा रंग जुळवून घ्यायला मी मुद्दाम पॉलिश झाल्यावर गेलो, कारण विटलेल्या जागेवरून रंग जुळवला आणि मग पॉलिश केलं तर तो टच-अप फिका ठिपका होऊन चमकत बसतो. आणि कंपनीच्या कोडवरून बनवलेला रंगही इतक्या वर्षांनी जुळेलच असं नाही, मूळ रंग उन्हाने सरकलेला असतो. पेट्रोलच्या टाकीचं झाकण काढून नेलं, काम झालं.

टवक्याचं काम म्हणजे निव्वळ चिकाटी. टवक्याच्या आतला गंज आधी काढायचा, मी पेनासारखा फायबरग्लासचा ब्रश मिळतो तो वापरला, त्याने नेमका ठिपकाच घासला जातो, आजूबाजूचा रंग नाही. (त्याच्या तुसा बोटात जातात, हातमोजे घाला.) खोल जिथे गंज राहिला तिथे रस्ट कन्व्हर्टरचा थेंब. फॉस्फोरिक आम्लाचा असेल तर गंजाचं लोहाच्या फॉस्फेटमध्ये रूपांतर होतं, टॅनिक आम्लाचा असेल तर जागा काळी पडते. ते वाळल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून प्रायमरचा थेंब, मग रंग, आणि रंग एकदम भरायचा नाही, टूथपिकच्या टोकाने पातळ थेंब, वाळू द्यायचा, परत थेंब, असं करत करत आजूबाजूच्या पातळीपेक्षा केसभर वर आणायचा. मग विसरून जायचं. एनॅमल वरून कोरडा वाटतो पण आतून कडक व्हायला आठवडे घेतो, लवकर घासला तर थेंबच्या थेंब उपटून येतो. कडक झाल्यावर २०००चा वॉटर पेपर (आकडा जेवढा मोठा तेवढा पेपर बारीक) खोडरबराच्या तुकड्याला गुंडाळून, साबणाच्या पाण्यात, फक्त त्या उंचवट्यावर. चार हात घासायचं, पुसायचं, तिरक्या उजेडात बघायचं. उंचवटा जोवर आहे तोवर घासलेला भाग ठिपक्यापुरता निस्तेज दिसतो, आणि निस्तेज भाग ठिपक्याबाहेर पसरायला लागला की थांबायचं, पातळी झाली. मग ३००० आणि बोटाने कंपाउंड. नखाने चाचपलं तर लागत नाही इतपत होतं. अर्थात दिसतं, शोधलं तर दिसतं.

गंजाचे फुगे मात्र वेगळं प्रकरण. रंगाखाली फुगा आलाय म्हणजे बहुतेक वेळा गंज आतल्या बाजूने आलाय, वरून कितीही नटवा. दाराखालच्या पट्ट्यावर एक फुगा होता तो दाभणाने टोचून बघितला, पत्रा टणक लागला म्हणून पुढचं काम घरी केलं. दाभण आत गेला असता तर ते रंगरंगोटीचं काम राहिलंच नसतं, तिथे वेल्डिंगवाला लागतो, कारण तो भाग गाडीचा भार घेतो.

आणि हो, जुना रंग कोरडा घासू नका. जुन्या रंगांमध्ये शिशाची रंगद्रव्यं असू शकतात, ओला घासा, मास्क लावा, गाळ ओला असतानाच पुसून गोळा करा. तसंच चाकं रंगवायला काढली तर ब्रेकच्या ड्रममधली धूळ हवेने फुंकू नका, जुन्या ब्रेक लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असायचं.

आता क्रोम. बंपरवर तांबं, त्यावर निकेल आणि सगळ्यात वर क्रोम असे थर बहुतेक वेळा असतात, आणि त्यातला क्रोमचा थर इतका पातळ की एक मायक्रॉनसुद्धा नसतो. चमक खरी निकेलची, क्रोम फक्त वरचं कडक कवच. त्या कवचाला बारीक भोकं असतात, त्यातून ओल जाते आणि खालच्या लोखंडाचा गंज ठिपक्यांच्या रूपाने वर येतो. म्हणजे तपकिरी दिसतं ते बहुतांशी क्रोमच्या वर सांडलेलं असतं. मग स्वयंपाकघरातली अल्युमिनियम फॉइल घेतली, चुरगाळून छोटा बोळा केला, पाण्यात बुडवला आणि हलक्या हाताने घासला. फॉइल क्रोमपेक्षा खूप मऊ, त्यामुळे चरे जवळपास पडत नाहीत. घासता घासता काळपट चिखल तयार होतो आणि बोळ्याखाली सुरुवातीला खरखर लागते, मग एकदम ती खरखर जाते आणि बोळा गुळगुळीत सरकायला लागतो, तिथे थांबायचं. पुसून बघितलं तर तपकिरी गायब आणि त्याजागी सुईच्या टोकाएवढे काळे बिंदू. ते बिंदू जात नाहीत, ते खड्डे आहेत. वॅक्स भरून ठेवलं की ओल आत जायला वेळ लागतो एवढंच.

बंपरची मागची बाजू मात्र बघवत नव्हती. तिथे पॉलिश केलेलं नसतं, प्लेटिंगही जेमतेम, आणि चिखल सगळा तिथेच. बोल्टना आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल मारून ठेवलं, बंपर उतरवला, मागून तारेचा ब्रश, कन्व्हर्टर, झिंक प्रायमर आणि साधा चंदेरी रंग. हे कोणाला दिसणार नाही, पण बंपर टिकणार आहे तो यामुळेच.

जस्ताच्या हँडलांना हात लावला नाही. त्यांच्यावरचे फोड आतून आलेले असतात, जस्तच खाल्लं जातं आणि वरची प्लेटिंग फुगते, घासलं की फोडाचं टोपण उडून जातं आणि खड्डा उघडा पडतो. ते रीप्लेटिंगवाल्याचंच काम आणि तेही कटकटीचं. अल्युमिनियमच्या पट्टीलाही नुसतं साबणपाणी, कारण तिच्यावर अॅनोडायझिंगचा, म्हणजे विजेच्या प्रक्रियेने चढवलेला संरक्षक थर असेल तर मेटल पॉलिशने तोच निघतो आणि पट्टी कायमची चट्टेरी होते.

सगळ्यात मजा आली ती स्टीअरिंगला, फक्त तेवढ्या एका कामापुरती गाडी उभी ठेवावी लागली. जुन्या स्टीअरिंगमध्ये आत लोखंडी कडं आणि त्यावर कडक प्लॅस्टिक असतं, वर्षानुवर्षं प्लॅस्टिक आकसतं, लोखंड आकसत नाही, मग ते तडकतं, आणि बहुतेक आरे जिथे रिंगला मिळतात तिथेच. बॅटरीची वायर काढली (हॉर्नचं कनेक्शन तिथेच असतं), मधला नट सैल करून शाफ्ट आणि स्टीअरिंगवर खूण केली म्हणजे परत बसवताना चाकं सरळ असताना स्टीअरिंग तिरकं नको, आणि पुलर (ओढून काढायचं अवजार) लावून काढलं. हातोडीने ठोकून काढणारे पण आहेत, असो.

भेगेत वरून काहीही भरलं तर ते टिकत नाही. भेग आधी मोठी करायची, इथे भलेभले कचरतात. हॅक्सॉ ब्लेडने आणि मग तीनधारी कानशीने भेग इंग्रजी व्हीच्या आकारात थेट आतल्या लोखंडापर्यंत उघडली, कड्यावरचा गंज खरवडला, अल्कोहोलने पुसलं. थिनर नाही, काही जुनी प्लॅस्टिकं थिनरने विरघळतात. मग दोन भागांचा इपॉक्सी, मळून, भेगेत दाबत दाबत, आत हवा राहू न देता, आणि वर थोडा फुगीर ठेवून. पूर्ण कडक झाल्यावर कानस, मग १८०, ३२०, ६०० असे पेपर. रिंगच्या मागे बोटांसाठी जे खाचखळगे असतात ते जुळवताना डोळ्यांचा उपयोग नाही, डोळे मिटून रिंगवरून अंगठा फिरवायचा, जोड अंगठ्याला कळतो. जाड बसणारा प्रायमर मारला की लपलेली टाचणीएवढी भोकं हसत बाहेर येतात, ती भरून परत घास. रंग स्प्रे कॅनचाच, पातळ पातळ हात. हार्डनरवाला टू-के (दोन भागांचा) कॅन जास्त टिकतो हे खरं, पण त्यात आयसोसायनेट हे फुप्फुसांना घातक रसायन असतं, त्याला बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो, साधा कापडी मास्क कामाचा नाही. माझ्याकडे तसला मास्क नाही म्हणून साधा अॅक्रिलिक एनॅमल.

डिकीवरच्या अक्षरांचं काम त्यामानाने अगदी सुटसुटीत, खाच साफ करायची, बारीक ब्रशने एनॅमल भरायचा, थोडा आवळला की पुठ्ठ्याच्या तुकड्यावर फडकं ताणून, जेमतेम ओलसर थिनर लावून वरून सपाट फिरवायचं, वरचा रंग निघतो आणि खाचेतला राहतो. फडकं सैल असेल तर खाचेत घुसतं. बस एवढंच. पण खर्चाच्या मानाने फरक सगळ्यात जास्त याच कामाचा दिसतो.

आतमध्ये फार काही केलं नाही. रेक्झिन सौम्य साबणाने आणि मऊ ब्रशने, मीटरच्या प्लॅस्टिकच्या काचेला प्लॅस्टिक पॉलिश, डॅशबोर्ड पत्र्याचाच त्यामुळे त्याला बाहेरच्यासारखंच ग्लेझ आणि वॅक्स. टपाच्या आतलं कापड पिवळट आहे पण ते इतकं जीर्ण आहे की ओलं केलं तर शिवणीवर फाटेल, नुसता ब्रश फिरवून सोडून दिलं. दारांची रबरं बघितली, जी अजून मऊ होती त्यांना सिलिकॉन ग्रीस, अर्थात सगळा टच-अप आटोपल्यावर आणि फडक्याने मोजकंच. जी लाकूड झालीत ती कशानेही मऊ होत नाहीत, ती नवीनच लागतात. समोरच्या काचेचं रबर त्यातलंच आहे, आणि ते बदलायचं म्हणजे काच काढावी लागणार, म्हणून सध्या गाडी धुताना त्या बाजूला पाण्याचा फवारा मारत नाही, ओल्या फडक्याने पुसतो.